नात्याचं टॅरो रीडिंग जुळत नाही, दर वेळी वेगळंच येतं: कुठून तपासायला लागायचं

नोकरीच्या किंवा घर बदलण्याच्या प्रश्नावर बऱ्यापैकी टॅरो, म्हणजे प्रश्नासाठी काढलेली चित्रांची कार्डं, वाचणारी माणसंही प्रेमाचा प्रश्न आला की अडखळतात. मी नाशिकला, इंदिरानगरच्या घरी गेली बारा वर्षं कार्डं वाचतेय. शिकणारी मुलंमुली रात्री अकरा वाजता मांडणीचा फोटो पाठवतात आणि खाली एकच ओळ असते, "ताई, काही कळत नाहीये." बिघाड जवळजवळ नेहमी त्याच ठरावीक जागी सापडतो, म्हणून तपासायचा क्रम एकदा लिहून ठेवतेय. फुकटात आणि पाच मिनिटांत होणाऱ्या गोष्टी आधी. वेळ आणि मन खाणाऱ्या नंतर. आपल्या हातातच नसलेल्या सगळ्यात शेवटी.

लक्षणं

- एकच प्रश्न, तीन दिवसांत तीन मांडण्या आणि तीन उत्तरं. सोमवारी जोडीचं टू ऑफ कप्स, बुधवारी कोसळणारा टॉवर.
- शेवटचं कार्ड बघून निकाल ठरतो, बाकीची कार्डं मग त्या निकालाला जुळवून घेतली जातात.
- किंग, क्वीन किंवा नाइट निघालं की "हा कोण?" इथेच गाडी अडते.
- डेथ, डेव्हिल, थ्री ऑफ स्वोर्ड्स दिसलं की विचारणारीचा चेहरा उतरतो आणि वाचणारी घाईघाईने गोड बोलायला लागते.
- कप्सचं, म्हणजे भावनांच्या पेल्यांचं, एकही कार्ड नाही, म्हणजे प्रेमच नाही, असा निष्कर्ष निघतो.
- रीडिंग संपल्यावर माणूस हलका होत नाही. उठतानाच विचारतो, "परत कधी येऊ?" आणि चार दिवसांत खरंच येतो.

शेवटचं लक्षण असेल तर बाकीची पाच असोत-नसोत, रीडिंग बिघडलेलं आहे असं मी धरते. नीट झालेल्या रीडिंगनंतर माणसाला काहीतरी करावंसं वाटतं: एक फोन, एक स्पष्ट बोलणं, निदान दोन दिवस शांत बसणं. पुन्हा कार्डंच काढावीशी वाटत असतील तर पहिल्या वेळी काहीतरी राहून गेलंय.

१. डेक मोजा

हसण्यावारी नेऊ नका. एकूण ७८ कार्डं हवीत: २२ मेजर अर्काना (डेथ, टॉवर, हर्मिट अशी नावाची मोठी कार्डं) आणि ५६ मायनर (नेहमीच्या पत्त्यांसारखी आकड्यांची आणि राजा-राणीची). मायनरचे चार संच, कप्स, स्वोर्ड्स, पेंटॅकल्स आणि वाँड्स, प्रत्येकी १४. माझ्याकडे शिकणारी एक मुलगी कित्येक महिने म्हणत होती की नात्याच्या प्रश्नात तिला टू ऑफ कप्स कधीच येत नाही, आणि त्यावरून तिने स्वतःबद्दल बरंच काही ठरवूनही टाकलं होतं. ते कार्ड तिच्याच कपाटातल्या एका पुस्तकात खूण म्हणून घातलेलं निघालं. उलटंही होतं. बऱ्याच डेकमध्ये एखादं कोरं किंवा जाहिरातीचं जादा कार्ड असतं, ते काढायचं राहतं आणि मांडणीत आलं की "रिकामं कार्ड म्हणजे नियती" असा अर्थ तयार होतो.

मोजता मोजता डेक कुठल्या घराण्याचा आहे तेही बघून घ्या. आपल्याकडे बहुतेकांकडे रायडर-वेट-स्मिथ किंवा त्यावरून काढलेला डेक असतो. मूळ डेक १९०९ साली लंडनमध्ये छापला गेला, कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्यात स्ट्रेंग्थ आठवं आणि जस्टिस अकरावं आहे. मार्सेय या जुन्या फ्रेंच घराण्याच्या डेकमध्ये हेच दोन आकडे उलटे असतात. शिवाय मार्सेयच्या साध्या आकड्यांच्या कार्डांवर प्रसंग रंगवलेले नसतात, नुसते पेले नाहीतर तलवारी मांडलेल्या असतात. एका घराण्याचं कार्ड आणि दुसऱ्या घराण्याची अर्थाची पुस्तिका असं जमवलं की मेळ बसत नाही, आणि दोष वाचणारी स्वतःला देत बसते.

२. पत्ते नीट पिसले का?

मेंढीकोट खेळताना आपण पिसतो तसं, थोडे थोडे पत्ते वरून खाली टाकत, टॅरो पिसलं तर मागच्या मांडणीतली कार्डं एकमेकांना चिकटूनच राहतात. ५२ पत्त्यांचा कॅट दोन भाग करून एकमेकांत सरकवत पिसला तर नीट मिसळायला सात वेळा पिसावा लागतो, हे डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं. टॅरोची कार्डं ७८, म्हणजे त्याहून जास्तच. आणि वरून खाली टाकत पिसायची आपली पद्धत त्यापेक्षा कितीतरी संथ आहे.

हे महत्त्वाचं का? कारण "ताई, परत तेच कार्ड आलं, हा संकेत आहे" असं म्हणून रडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यातली बरीच कार्डं परत आली ती न पिसल्यामुळे. उपाय सोपा आहे. सतरंजीवर स्वच्छ कापड टाका, सगळी कार्डं पालथी पसरा आणि लहान मुलं करतात तसं दोन्ही हातांनी दोन मिनिटं गोल गोल फिरवा. यात काही कार्डं उलटी होतील, तेव्हा उलट्या कार्डाला वेगळा अर्थ द्यायचा की नाही हे पसरायच्या आधीच ठरवा. कार्ड बघून ठरवलं तर आपण सोयीचं तेच ठरवतो.

३. हा प्रश्न किती वेळा विचारून झालाय?

लग्नाच्या पत्रिकेची सवय असलेल्या घरांत हा गोंधळ फार होतो. पत्रिका एकदा मांडली की मांडली. ३६ पैकी २१ गुण आज जुळले तर उद्याही २१च जुळतील. टॅरोत प्रत्येक वेळी नव्याने पिसलं जातं, त्यामुळे दुसऱ्यांदा विचारल्याने पहिल्या उत्तराची खातरजमा होत नाही, नवीन कार्डं तेवढी येतात.

मी एकदा कागदावर हिशेब केला. डेथ, डेव्हिल, टॉवर आणि थ्री ऑफ स्वोर्ड्स ही लोकांना सगळ्यात जास्त घाबरवणारी चार कार्डं घ्या. दहा कार्डांच्या मांडणीत यांपैकी निदान एक तरी यायची शक्यता शंभरात सुमारे ४३ आहे. तीच मांडणी तीन वेळा केली तर कधी ना कधी एक दिसायची शक्यता शंभरात सुमारे ८१ होते. म्हणजे आठवड्यात तीनदा विचारणारी मुलगी घाबरणार हे जवळपास ठरलेलं आहे, मग तिचं नातं कसंही असो.

माझा नियम असा आहे: तोच प्रश्न पुन्हा काढायचा तर मधे खरंखुरं काहीतरी घडलेलं हवं. भेट झाली, घरी सांगितलं, भांडण झालं, बदली झाली. काहीच घडलं नसेल तर एक महिना थांबायचं. इथपर्यंतच्या तीन तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही, आणि मला येणाऱ्या फोटोंपैकी बरेच इथेच सुटतात.

४. प्रश्न तुमच्या हातातला आहे का?

इथून थोडं मन घालावं लागतं.

"तो परत येईल का?" "तिच्या मनात दुसरं कुणी आहे का?" "त्याचे घरचे हो म्हणतील का?" तिन्ही प्रश्न समोर नसलेल्या माणसाबद्दल आहेत. कार्डं कॉलेज रोडच्या कॅफेत बसलेल्या मुलीने पिसली आहेत, पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाच्या मनाला त्यांचा हात लागलेला नाही. कार्डं दुसऱ्याच्या मनात शिरतात असं मी मानत नाही, कुणाला तसं सांगतही नाही. समोर बसलेल्या माणसाला स्वतःकडे जरा वेगळ्या बाजूने बघायला लावणं, एवढं त्यांना छान जमतं.

हे मी एका चुकीतून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगी आली होती, दोन वर्षांचं नातं तुटलेलं. प्रश्न हाच, तो परत येईल का. सिक्स ऑफ कप्स निघालं. त्या चित्रात जुन्या अंगणात एक मुलगा एका लहान मुलीला फुलांनी भरलेला पेला देतोय. जुन्या दिवसांचं, आठवणींचं कार्ड आहे ते. मी म्हणून गेले, "जुना माणूस परत येतोय." तिने त्या भरवशावर घरात चाललेली सगळी बोलणी थांबवली आणि दीड वर्ष वाट पाहिली. तो आला नाही. कार्डाने चूक सांगितलं नव्हतं, तिच्या मनात आठवण होती आणि कार्डात आठवणच होती. मी तिच्या आठवणीला त्याचं येणं करून टाकलं. ती मुलगी माझ्यावर रागावली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून प्रश्न विचारणाऱ्याकडे वळवल्याशिवाय मी कार्डाला हात लावत नाही. "तो परत येईल का?" याचं "या नात्यातलं काय सोडायला मला जड जातंय?" होतं. "घरचे हो म्हणतील का?" याचं "घरी सांगण्याआधी माझी कुठली तयारी राहिली आहे?" होतं. जात वेगळी असलेल्या जोडप्यांना हा दुसरा प्रश्न मी हमखास देते. त्यातून अगदी ठोस गोष्टी बाहेर येतात: आधी आईला सांगायचं की मामाला, राहायचं कुठे, नोकरी पक्की होईपर्यंत थांबायचं का. प्रश्न बदलायला समोरचा माणूस तयार नसेल तर त्या दिवशी रीडिंग करू नका. चहा द्या, गप्पा मारा.

५. कार्डाला घर दिलंय का?

नात्याच्या रीडिंगमधला सगळ्यात मोठा बिघाड इथे असतो.

पत्रिका बघणारे काका नुसतं "शनी आहे" म्हणून थांबत नाहीत. शनी कुठल्या घरात बसलाय ते आधी बघतात, सप्तमातला शनी आणि दशमातला शनी ते सारखा वाचत नाहीत. टॅरोतही तसंच आहे. कार्ड उघडायच्या आधी त्याची जागा ठरलेली नसेल तर त्या कार्डाचा अर्थ वाचणाऱ्याच्या मनाच्या ओढीने वाहत जातो. चांगलं कार्ड "तुमच्या दोघांचं" होतं आणि वाईट कार्ड आपोआप "त्याचं" होतं. भांडण झालेल्या मैत्रिणीसाठी वाचताना तर हे हमखास घडतं.

भूत, वर्तमान, भविष्य ही तीन कार्डांची मांडणी सगळे पहिल्यांदा शिकतात. नात्यासाठी ती मला अपुरी वाटते, कारण त्यात माणसं दोन आणि घरं फक्त काळाची. मी पाच जागा वापरते:

मी या नात्यात कशी आहे.
तो किंवा ती मला कशी दिसते.
आमच्या दोघांच्या मधे काय आहे.
बाहेरून काय दाबतंय: घर, पैसा, अंतर, जात, नोकरी.
आता माझ्या हातातलं पुढचं पाऊल.

दुसऱ्या जागेचे शब्द मुद्दाम तसे आहेत, "मला कशी दिसते". ती कशी आहे हे तिलाच विचारावं लागेल. या पाच ओळी पाच चिठ्ठ्यांवर लिहा, चिठ्ठ्या मांडा आणि मग प्रत्येकीवर कार्ड पालथं ठेवा.

एका हर्मिटवर करून बघा. म्हातारा एकटाच उंचावर उभा, हातात कंदील. पहिल्या जागी आला तर मी एकांत मागतेय, किंवा न बोलता आत आत विचार करतेय. दुसऱ्या जागी आला तर समोरचा मला दूर गेलेला वाटतोय, आणि खरा दूर गेलाय का हे विचारायची वेळ आली आहे. मधल्या जागी आला तर दोघं एका खोलीत असूनही आपापल्या फोनमध्ये आहेत. चौथ्या जागी आला तर कदाचित दोन शहरांतलं अंतर, किंवा मधे पडलेलं एखादं वडीलधारं माणूस. पाचव्या जागी आला तर आठ दिवस एकटीने विचार कर. कार्ड एकच, घर बदललं की गोष्ट बदलली. जागा न ठरवता हाच हर्मिट काढला असता तर निम्म्या वाचणाऱ्यांनी "तो तुला सोडून जातोय" म्हटलं असतं.

दहा कार्डांचा सेल्टिक क्रॉस काढणाऱ्यांनी नवव्या जागेकडे लक्ष द्यावं. ती आशा आणि भीती दोन्हींची जागा आहे. तिथे टेन ऑफ कप्स आलं, इंद्रधनुष्याखाली सुखी कुटुंब, तर लोक "लग्न होणार" म्हणून मोकळे होतात. ती जागा मनातल्या ओढीची आहे, घडणाऱ्या गोष्टीची नाही. कधी कधी त्या चित्राची भीतीही असते, आणि लग्नाच्या वयातल्या मुली ती सहजासहजी कबूल करत नाहीत.

६. संच मोजा, पण त्यावरून निकाल देऊ नका

टॅरो मुळात पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे पत्ते म्हणून सुरू झालं, भविष्य बघायला त्याचा वापर रुळला तो अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये. त्यामुळे बदाम सात खेळलेल्या माणसाला संच परके वाटायचं कारण नाही. नेहमीच्या जुळणीत कप्स म्हणजे बदाम, स्वोर्ड्स म्हणजे इस्पिक, पेंटॅकल्स म्हणजे चौकट आणि वाँड्स म्हणजे किलवर. भावना, बोलणं आणि विचार, पैसा आणि घरदार, उमेद आणि ओढ, असे ढोबळ विभाग.

पाच कार्डांत एकही कप नसेल तर घाबरू नका. नीट पिसलेल्या डेकमधून पाच कार्डं काढली तर शंभरातल्या सुमारे ३६ वेळा कप येतच नाही. त्याऐवजी कुठला संच जास्त आलाय ते बघा आणि विचारा. चौकट, म्हणजे पेंटॅकल्स, तीन आली तर मी सरळ विचारते, "पैशाचं काही चाललंय का?" साताऱ्याचा मुलगा आणि सातपूरची मुलगी, दोघांचाही पगार घराच्या हप्त्यात जातो, आणि भांडण मात्र "तू फोन का केला नाहीस" यावर होतं. असं पुष्कळदा निघतं.

७. पुस्तिका मिटा, चित्र बघा

पामेला कोलमन स्मिथ यांनी मायनरच्या आकड्यांच्या कार्डांवरही पूर्ण प्रसंग रंगवले, आपल्या कामाचं तेच आहे. पुस्तिकेतला एक शब्द पाठ करणारे चित्रातलं अर्धं सोडून देतात. नात्याच्या प्रश्नात ज्यांच्यावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो तीच कार्डं सांगते.

द लव्हर्स. सगळे याला "प्रेम पक्कं" म्हणतात. नीट बघा: पुरुष स्त्रीकडे बघतोय, स्त्री वर देवदूताकडे बघतेय. नजरा जुळलेल्या नाहीत. जुन्या मार्सेय डेकमध्ये तर एक तरुण दोन बायकांच्या मधे उभा आहे आणि वर बाण धरलेला मदन आहे. निवडीचं कार्ड आहे हे. "तुला यात काय निवडायचंय?" हा प्रश्न याच्यासोबत विचारलाच पाहिजे.

द डेव्हिल. याच्या शेजारी लव्हर्स ठेवून बघा. तीच रचना, दोन नग्न माणसं आणि वर मधोमध एक मोठी आकृती. इथे माणसांच्या गळ्यात साखळ्या आहेत, पण कड्या इतक्या सैल आहेत की हाताने काढता याव्यात. पुस्तिकेत "वासना, व्यसन" असं काहीबाही लिहिलेलं असतं, आणि ते वाचून कुणाच्या चारित्र्यावर बोलणारे लोक आहेत. असं कधीही करू नका. विचारायचं एवढंच: या नात्यात काय सोडता येईल असं दिसतंय आणि तरी सुटत नाही?

थ्री ऑफ स्वोर्ड्स. हृदयात घुसलेल्या तीन तलवारी, मागे पाऊस. "तिसरी व्यक्ती" हा अर्थ फार पसरलाय. चित्रात तिसरी व्यक्तीच काय, पहिलीही नाही. दुखलंय, एवढंच आहे. कशाने दुखलं ते माणूस स्वतः सांगेल, थांबा. या एका कार्डावरून किती जणांनी जोडीदाराचे फोन तपासले असतील.

फाइव्ह ऑफ कप्समध्ये काळ्या अंगरख्यातला माणूस तीन सांडलेल्या पेल्यांकडे बघतोय. मागचे दोन उभे आहेत, आणि पलीकडे नदीवर पूलही आहे. एट ऑफ स्वोर्ड्समधल्या बाईचे डोळे बांधलेले आहेत, पण समोरच्या बाजूने तलवारींचं कुंपण उघडं आहे. डेथमध्ये पांढऱ्या घोड्यावरचा सांगाडा सगळ्यांना दिसतो, क्षितिजावर दोन बुरुजांच्या मधला सूर्य कुणाला दिसत नाही. म्हणून मी आधी चित्र विचारणाऱ्याच्या हातात देते आणि म्हणते, यात काय दिसतं ते सांग. पहिलं वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून घेते. बऱ्याचदा रीडिंग त्या वाक्यातच असतं.

८. राजा, राणी, नाइट, पेज: "हा कोण?" विचारणं थांबवा

ही १६ कार्डं नात्याच्या मांडणीत आली की सगळे चेहरे शोधायला लागतात. वेट यांच्या जुन्या पद्धतीत माणसाच्या केसांच्या आणि वर्णाच्या रंगावरून संच ठरायचा: सोनेरी किंवा तांबूस केस असतील तर वाँड्स, फार काळेसावळे असतील तर पेंटॅकल्स. त्या हिशेबाने रविवार कारंजावर उभं राहून बघितलं तर जवळजवळ सगळं नाशिक पेंटॅकल्समध्ये बसेल. ती पद्धत इथे कामाची नाही, सोडून द्या.

कार्डाला "कोण" ऐवजी "कसं" विचारा. नाइट ऑफ कप्स "मधे काय आहे" या जागी आलं तर एक गोड बोलणारा माणूस येतोय असं नको. नात्यात गोड शब्द आणि वचनं पुष्कळ आहेत, घोडा मात्र अगदी हळू चालतोय. क्वीन ऑफ स्वोर्ड्स बाहेरच्या दडपणाच्या जागी आली की मुली पटकन म्हणतात, "ही त्याची आई!" मला ते ऐकून वाईट वाटतं. ज्या बाईला आपण भेटलेलोही नाही तिला एका कार्डावरून कडक ठरवायचं, आणि मग त्याच नजरेने त्या घरात पाऊल ठेवायचं. स्पष्ट बोलणं आणि त्या बोलण्याची भीती, एवढं वाचलं तरी पुरतं.

९. वही, आणि स्वतःचं मन

घरात करता येणारी सगळ्यात अवघड तपासणी ही आहे. खर्च एका वहीचा, पण वेळ महिन्यांचा.

गोदावरीला पूर आला की नाशिककर पाणी किती आहे हे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. नुसत्या पाण्याकडे बघून कळत नाही, न हलणारी खूण लागते. रीडिंगलाही लागते. तारीख, प्रश्नाचे नेमके शब्द, जागा, कार्डं आणि आपण काय सांगितलं ते त्याच दिवशी लिहा. तीन महिन्यांनी विचारणाऱ्याच्या संमतीने ती नोंद उघडून खरं काय झालं ते शेजारी लिहा. स्मरणावर ठेवलंत तर बरोबर आलेलं तेवढंच आठवतं.

दहा-पंधरा नोंदी झाल्या की आपला स्वतःचा बिघाड दिसायला लागतो. माझ्या वहीत दिसलं की ज्या वर्षी माझ्याच घरात ताण होता, त्या वर्षी मी सगळ्यांना "थांब, घाई करू नकोस" सांगत होते. कार्डं निरनिराळी होती, सल्ला एकच. स्वतःच्या नात्यासाठी स्वतः वाचणाऱ्यांचं तर हेच होतं, आणि रात्री बाराला, भांडणानंतर वाचणाऱ्यांचं नक्कीच. अशा वेळी मांडणीचा फोटो दुसऱ्या वाचणाऱ्याला पाठवा, प्रश्न आणि जागा सांगा, पण कुणाचं रीडिंग आहे ते सांगू नका. दोघांच्या वाचनात जिथे फरक पडतो तिथे तुमचं मन बोलतंय. माझी स्वतःच्या बाबतीतली कार्डं गेली काही वर्षं मैत्रीणच वाचते.

कार्डं ठेवून द्यायची वेळ

खालचं काहीही असेल तर वरचा क्रम सोडा. पुढचं कार्ड उघडू नका.

मारहाण, धमकी, घरात कोंडणं, पैसे किंवा फोन काढून घेणं. हे ऐकू आलं की टॅरोचा प्रश्न संपला. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा कायदा २००५ चा आहे आणि तो लग्न न करता एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही लागू होऊ शकतो. अशा वेळी "डेव्हिल आलंय, कर्म आहे" म्हणणं हे पाप आहे, मला दुसरा शब्द सुचत नाही.

जगण्यात अर्थ नाही असं कुणी म्हटलं, अगदी हसत म्हटलं, तरी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ लावून द्या आणि घरचं कुणी येईपर्यंत सोबत बसा. झोप आणि जेवण दोन आठवडे उडालेलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सांगा, आणि शक्य असेल तर सोबत जा.

खासगी फोटो पसरवायची धमकी असेल किंवा ऑनलाइन ओळखीतून पैसे गेले असतील तर उशीर करू नका. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३०. मेसेज पुसू नका, ते पुरावा आहेत.

घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा हे वकिलाचं आणि कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशकाचं काम. दोघांनाही नातं टिकवायचंय पण बोलणंच होत नाही, असं असेल तर जोडप्यांसोबत काम करणारा समुपदेशक शोधा. पाच कार्डांपेक्षा समोरासमोरचा एक तास तिथे जास्त उपयोगी पडतो.

आणि कुणी वाचणारा "तुमच्या नात्यावर बाहेरचं केलंय, उतरवायला इतके हजार लागतील" म्हणाला तर उठून या. दैवी शक्तीचा दावा करून लोकांना फसवणं आणि घाबरवणं याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे. त्र्यंबकेश्वरला शांत करायची की नाही हा ज्याच्या त्याच्या घरच्या श्रद्धेचा विषय आहे, पण टॅरोच्या कुठल्याही कार्डात ते लिहिलेलं नसतं. तसं सांगून मी कुणालाही तिकडे पाठवत नाही.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगी आली, तिने कार्डं पिसायला घेतली आणि बाही वर सरकली. दंडावर चार बोटांचे निळे वळ होते. मी तिच्या हातातून डेक घेतला, डब्यात ठेवला आणि डबा कपाटात ठेवून आले. तिने दोनदा विचारलं, "कार्डं नाही बघायची?" आम्ही माझ्या फोनवरून १८१ लावला. संध्याकाळी तिची आत्या नाशिक रोडहून रिक्षाने आली आणि तिला घेऊन गेली.